गोडी, गूळ आणि निवाडा: कविता आणि तत्त्वज्ञान यांच्या नात्याविषयी

तत्त्वज्ञान हा विषय घेऊन एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले आहे की, ज्ञानेश्वरांनी मांडलेला विचार उपनिषदांत, शंकराचार्यांच्या भाष्यांत किंवा काश्मीरच्या शैव सूत्रांत आधीच सांगून झाला असेल, तर कवितेने त्यात भर ती काय घातली? तयार विचाराला साज चढवणे एवढेच कवितेचे काम आहे का? आणि तसे नसेल, तर कवितेतला विचार वाचावा तरी कसा? मी तीसहून अधिक वर्षे पदव्युत्तर वर्गांना मराठी संतसाहित्य शिकवले आणि निवृत्तीनंतर एका छोट्या अभ्यासमंडळात दर आठवड्याला ज्ञानेश्वरांचे ‘अनुभवामृत’ (यालाच ‘अमृतानुभव’ही म्हणतात) वाचतो आहे. त्या वाचनातून जे हाती आले, त्याच्याच आधाराने हे उत्तर लिहितो.

साज हे उत्तर चुकीचे आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. चांगल्या तत्त्वकवितेत दृष्टान्त हा विचाराच्या अंगावरचा दागिना नसतो, विचार तिथेच घडत असतो. सिद्धान्त जिथे थांबतो तिथून दृष्टान्त पुढे चालतो, आणि पुष्कळदा सिद्धान्ताला न परवडणारी गोष्ट बोलून जातो. हे नुसते म्हणून पटणार नाही, ओव्या समोर ठेवूनच दाखवावे लागेल.

पाश्चात्त्य परंपरेतला वाद तुम्हाला ठाऊक असणारच. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात कविता आणि तत्त्वज्ञान यांचे भांडण जुनेच असल्याचे म्हटले आणि बहुतेक कवींना आपल्या आदर्श नगराबाहेर ठेवले, त्याच ग्रंथाच्या सातव्या भागात मात्र ज्ञानाची वाट समजावताना त्याला गुहेतल्या बंदिवानांचे चित्र उभे करावे लागले. अॅरिस्टॉटलने इतिहासापेक्षा कविता अधिक तत्त्वज्ञानात्मक असते असे सांगून कवितेची बाजू घेतली. त्या वादात मी इथे अधिक शिरत नाही, कारण आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला गेला आणि ते शब्द मला अधिक उपयोगाचे वाटतात.

‘आपल्याकडे ऋषी हेच कवी होते, म्हणून असे भांडण कधी झालेच नाही’ हे वाक्य व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. काश्मीरचा काव्यमीमांसक अभिनवगुप्त याचे गुरू भट्ट तौत यांचे ‘नानृषिः कविः’ हे वचन काव्यशास्त्रकार हेमचंद्राने उद्धृत केल्यामुळे आपल्यापर्यंत पोचले. जो ऋषी नाही तो कवी नाही, इतकाच भाग सगळे सांगतात; पण त्या वचनाचा खरा जोर पुढच्या ओळींवर आहे. शास्त्रात केवळ तत्त्वदर्शनामुळे माणसाला कवी म्हणतात, लोकात मात्र दर्शन आणि वर्णन ही दोन्ही असल्याशिवाय म्हणत नाहीत. आदिकवी वाल्मीकीचे दर्शन स्वच्छ आणि नित्य होते, तरीही वर्णना झाली नव्हती तोवर कविता उदयाला आली नव्हती, असे तिथे म्हटले आहे. तेव्हा दर्शन आणि कविता एक नाहीत. दर्शन पूर्ण असूनही काहीतरी व्हायचे राहिलेले असते, आणि ते वर्णनेत होते. तुमचा प्रश्न नेमका याच ठिकाणचा आहे: वर्णनेत असे काय होते, जे दर्शनात झालेले नव्हते?

याचे उत्तर शोधायला मी विद्यार्थ्यांना आधी काव्यशास्त्राकडे न नेता न्यायशास्त्राकडे, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राकडे, नेत असे, आणि त्यांना ते नेहमीच अनपेक्षित वाटे. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांच्या, परार्थानुमानाला (दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेल्या अनुमानाला) पाच अवयव असतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. हा डोंगरही तसाच. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. यातले स्वयंपाकघर काढून टाकले तर आपल्या परंपरेच्या दृष्टीने अनुमान अपुरे राहते. म्हणजे दाखला हा इथे सिद्धतेचाच एक अवयव आहे, श्रोत्याच्या सोयीसाठी केलेली भर नव्हे. ‘सांख्यकारिका’ हा पद्यात रचलेला कोरडा शास्त्रग्रंथ, पण प्रकृती (सृष्टीचे जड मूळ) आणि पुरुष (चैतन्य) एकत्र का येतात हे सांगताना ईश्वरकृष्णालाही आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसवावा लागतो आणि प्रकृती निवृत्त कशी होते हे सांगताना रंगभूमीवरून परतणारी नर्तकी आणावी लागते.

मात्र शास्त्र दाखल्याला एका अटीवर आत घेते. दृष्टान्त एकदेशी असतो, म्हणजे ज्या एका अंगापुरता तो दिला तेवढेच अंग घ्यायचे आणि बाकीचे सोडायचे. स्वयंपाकघरातून फक्त धूर आणि अग्नी यांचे साहचर्य घ्यायचे. तिथली भाकरी, तिथला उकाडा, तिथे राबणारी बाई यांच्याशी नैयायिकाला कर्तव्य नाही. कवी हीच अट मोडतो. तो दृष्टान्ताचा उरलेला मुलूखही बोलू देतो. शास्त्राची आणि कवितेची वाट माझ्या मते इथे फुटते, आणि दोघांचे नातेही इथेच सांधलेले आहे, कारण दोघेही दृष्टान्ताशिवाय चालू शकत नाहीत.

आता ओवी पाहू. ‘अनुभवामृता’च्या पहिल्या प्रकरणात शिव आणि शक्ती, ज्यांना ज्ञानदेव मोठ्या जिव्हाळ्याने ‘देवोदेवी’ म्हणतात, त्यांच्या नात्याचे वर्णन चालले आहे. तिथे ही ओवी येते:

गोडी आणि गुळु । कापुरु आणि परिमळु ।
निवडूं जातां पांगुळु । निवाडु होये ॥

मी वर्गात एक अभ्यास देत असे: दृष्टान्ताचा एकही शब्द न वापरता या ओवीचा अर्थ एका वाक्यात लिहा. सगळ्यांच्या वह्यांत थोड्याफार फरकाने एकच वाक्य येई, ‘शिव आणि शक्ती अभिन्न आहेत’. मग तेच वाक्य ओवीशेजारी ठेवून पाहायला सांगत असे. ओवीत ‘अभिन्न’ हा शब्द नाही आणि तसे विधानही नाही. कोणीतरी दोन गोष्टी निवडायला बसले आणि त्याचा निवाडाच पांगळा झाला, असे ओवी सांगते. सुपात तांदूळ घेऊन खडे निवडतात ते निवडणे आणि पंच देतात तो निवाडा, हे दोन्ही शब्द एकाच धातूच्या घरचे असून ओवीने त्यांना एकाच ओळीच्या अंतरावर आणून बसवले आहे. तांदूळ निवडायचे तर खडा आणि दाणा शेजारी पडलेले लागतात, निवाडा करायचा तर दोन पक्ष समोर उभे लागतात. इथे बोट उचलले जाते, पण ते ठेवायला दुसरी वस्तूच सापडत नाही. निवाडा खोटा ठरत नाही, त्याला कोणी बंदीही करत नाही. तो आहे, पण त्याला चालता येत नाही. अभिन्नतेचे विधान वस्तूंविषयी बोलते, ओवी मात्र भेद करणाऱ्या आपल्या बुद्धीचे पाय मोडताना दाखवते. हा फरक साजशृंगाराचा नाही, विचाराचा आहे, आणि ‘अभिन्न’ या शब्दात तो मावत नाही.

एका वर्षी कोल्हापूरकडच्या एका विद्यार्थ्याने उभे राहून हरकत घेतली. त्याच्या घरी गुऱ्हाळ होते. तो म्हणाला, “सर, गूळ व्हायच्या आधी रसात गोडी असतेच, काकवीतही असते, आणि एखादी काहिल बिघडून गूळ धरला नाही तरी गोडी कुठे जात नाही. मग गोडी गुळाहून निराळी झालीच की.” त्याच्या हरकतीने मला फार आनंद झाला, कारण पुस्तकी वाचकाला ती सुचली नसती. नैयायिकाच्या भाषेत त्याने दृष्टान्तातला व्यभिचार, म्हणजे नियम मोडणारा अपवाद, दाखवून दिला होता: गोडी गुळावाचूनही आढळते. त्या दिवशी मी एवढेच म्हणालो की आता ओवीचा दुसरा चरण पाहा. कापराची डबी उघडी ठेवली तर परिमळ पसरत जातो आणि कापूर झिजत जातो. परिमळ सगळा गेला की मागे सुवास नसलेला कापूर उरत नाही, डबीच रिकामी होते. गुळाचा दृष्टान्त जिथे लंगडतो तिथे कापराचा उभा राहतो. ज्ञानदेवांनी हे जाणूनबुजून केले असे मी म्हणणार नाही, पण ते एका दृष्टान्तावर थांबत का नाहीत याचे कारण मला त्या दिवशी कळले. तोवर त्यांच्या दृष्टान्तमालांना मीही, पुष्कळ जुन्या टीकाकारांप्रमाणे, प्रतिभेची उधळण म्हणत असे. आता मी त्यांना विचाराची चाल म्हणतो: एक दृष्टान्त पुढे टाकायचा, तो कुठवर पोचतो ते पाहायचे, आणि तो जिथे अडतो तिथून दुसऱ्याने पुढे जायचे. त्याच प्रकरणात दोन दांड्यांचा एक नाद, दोन फुलांचा एक गंध, दोन दिव्यांचा एक प्रकाश, दोन ओठांचा एक शब्द आणि दोन डोळ्यांची एक दृष्टी अशी ओळच लागली आहे. ती हळूहळू वाचली की प्रत्येक जोडीतले दोनपण थोडे निराळ्या प्रकारचे आहे हे जाणवते. दिवे दोन वेगळ्या ठिकाणी ठेवता येतात, ओठ मात्र दोन असूनही एकमेकांवाचून निरुपयोगी असतात.

दुसरी ओवी नवव्या प्रकरणातली, आणि तिच्यामागे तत्त्वज्ञानातली एक खरी अडचण उभी आहे. भक्ती करायची तर भक्त आणि देव असे दोघे लागतात. अद्वैत खरे असेल तर दुसरा कोणी नाहीच. मग अद्वैतात भक्ती कशी राहील? या अडचणीवर शास्त्राचे उत्तर प्रसिद्ध आहे: व्यवहाराच्या पातळीवर दोन, परमार्थाच्या पातळीवर एक. ज्ञानदेव पातळ्या करीत नाहीत. ते म्हणतात:

देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु ।
तैसा भक्तीचा व्यवहारु । कां न व्हावा ॥

देव, देऊळ आणि देवाचा परिवार हे सगळे एकाच डोंगरातून कोरून काढता येते, तसा भक्तीचा व्यवहार का होऊ नये? ओवीत कोणत्याही लेण्याचे नाव नाही. पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वेरूळचे कैलास लेणे उभे राहिल्यावाचून राहत नाही: आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, कळसापासून खाली कोरत आणलेले, शिखर, मंडप, नंदी आणि हत्ती यांच्यासह एकाच खडकातले. त्या चौकात उभे राहून ही ओवी आठवली तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बांधलेल्या देवळात दगडावर दगड चढतो, बाहेरून काहीतरी आणावे लागते. कोरलेल्या देवळात काहीच आणलेले नसते, फक्त काढलेले असते. डोंगरात भर न पडता देव, परिवार आणि देऊळ असे तिघे प्रकट झाले. भक्तीने अद्वैतात दुसरेपण आणून घातले, ही हरकत या चित्रापुढे उभीच राहत नाही, कारण इथे घालणे हा प्रकारच नाही. दोन पातळ्यांच्या सिद्धान्तात हे सापडत नाही. त्यात भक्तीला खालच्या पायरीवर ठेवावे लागते. ज्ञानदेव तिला डोंगराइतकीच खरी ठेवतात.

आणि हेही सांगितले पाहिजे की डोंगर कोरायला छिन्नी आणि कोरणारा लागतो, आणि तो डोंगराबाहेरचा असतो. तिथे हा दृष्टान्तही संपतो. चांगला वाचक दृष्टान्ताचा उरलेला मुलूख फिरून पाहतो, पण त्याची शीव कुठे आहे तेही ओळखतो. ही शीव न ओळखणारे निरूपणकार एका ओवीवर तासभर बोलतात आणि शेवटी कवीने न म्हटलेलेच सांगून जातात.

तुकोबांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्याकडे दृष्टान्तांची अशी माळ क्वचितच सापडते, पण तत्त्वज्ञानातले वाक्य उचलून त्याचे व्याकरण बदलण्याची त्यांची हातोटी विलक्षण आहे. कठोपनिषद आत्म्याविषयी म्हणते, ‘अणोरणीयान् महतो महीयान्’, अणूहून लहान आणि थोराहून थोर. तुकोबा म्हणतात, ‘अणुरणीयां थोकडा । तुका आकाशाएवढा’. उपनिषदाचे वाक्य तृतीयपुरुषी आहे आणि त्याचा कर्ता ‘आत्मा’ आहे. तुकोबांनी कर्त्याच्या जागी देहूतल्या एका माणसाचे, ज्याचे दुकान दुष्काळात बुडाले त्याचे, नाव ठेवले. ‘जीव ब्रह्मच आहे’ असे शास्त्र कोणाही जिवाविषयी म्हणू शकते, आणि कोणाहीविषयी म्हणता येते म्हणूनच ते म्हणणे सोपे असते. तिथे विशेषनाम घातले की विधानाचा भार एका माणसाच्या अंगावर येतो. अभंगात कवीचे नाव शेवटी सहीसारखे यायचे ही रीत. इथे ते पहिल्याच ओळीत आकाशाएवढे होऊन येते आणि शेवटच्या ओळीत पुन्हा नेहमीसारखे ‘तुका म्हणे’ होऊन बसते.

ती शेवटची ओळ म्हणजे ‘तुका म्हणे आता । उरलों उपकारापुरता’. अज्ञान गेल्यावर ज्ञान्याचा देह का उरतो, हा जीवन्मुक्तीविषयीचा, म्हणजे देह असतानाच मिळणाऱ्या मुक्तीविषयीचा, जुना प्रश्न आहे. शास्त्राचे उत्तर प्रारब्धाचे आहे: कुंभाराने हात काढल्यावरही चाक काही काळ फिरत राहते, सुटलेला बाण वेग संपेपर्यंत जातो, तसा देह राहतो. या उत्तराचा रोख मागे आहे, कशामुळे उरला ते ते सांगते. तुकोबांचा रोख पुढे आहे, कशासाठी उरलो ते ते सांगतात. ‘पुरता’ या एका शब्दयोगी अव्ययाने प्रश्नाची दिशाच फिरवली आहे. ‘उरणे’ आणि ‘पुरणे’ हे घरातल्या कणगीचे, दुकानातल्या मापाचे शब्द. ज्याला किती उरले आणि किती पुरेल हे रोज पाहावे लागते त्याच्या तोंडचे. दर्शनशास्त्रात मुक्ताच्या उरण्याला हेतू नसतो, फक्त कारण असते. इथे हेतू आला आणि तो दुसऱ्यांसाठी आला, इतका मोठा फरक पाच शब्दांच्या ओळीत झाला आहे. त्याला कोणी साज म्हणेल असे मला वाटत नाही.

इथे तुमच्या मनात येणारा आक्षेप मी ओळखू शकतो: मग छंदात लिहिलेले सगळेच तत्त्वज्ञान कविता का होत नाही? होत नाही, हे उघड आहे. रामदासांचा ‘दासबोध’ वीस दशकांचा, दोनशे समासांचा ग्रंथ आहे. त्यात लक्षणे, वर्गीकरणे, प्रश्नोत्तरे आहेत, आणि ती ओवीत आहेत ती मुख्यतः पाठ व्हावीत म्हणून. रामदासांना याची पुरती जाण होती. चौदाव्या दशकात त्यांनी कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे प्रकार पाडून चर्चा केली आहे. मी ‘दासबोधा’ला कमी लेखत नाही, पण त्यातल्या बहुतेक समासांचे गद्य केले तर विचार शाबूत राहतो. गुळाच्या ओवीचे गद्य केले तर काय होते ते वर पाहिलेच. ही कसोटी सगळीकडे लागू पडेल असा माझा दावा नाही, पण पंचवीसेक वर्षे मी ती वापरली आहे आणि तिने मला क्वचितच फसवले आहे.

आधुनिक काळात विंदा करंदीकरांचे उदाहरण फार बोलके आहे, कारण ते दोन्ही बाजूंनी या नात्याकडे गेले. त्यांनी अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले, ‘अमृतानुभवा’चे अर्वाचीन मराठीत रूपांतर केले, आणि पुढे ‘अष्टदर्शने’मध्ये देकार्त, स्पिनोझा, कांट, हेगेल, शोपेनहौअर, नीत्शे, बर्गसाँ आणि आपला चार्वाक अशा आठ तत्त्वज्ञांची दर्शने पद्यात मांडली. त्या पुस्तकाविषयी मला मनापासून आदर आहे. इतका अवघड ऐवज इतक्या सुबोध मराठीत आणणे दुसऱ्या कोणाला साधले नसते. तरीही माझे मत असे की त्यात दर्शन आधी पूर्ण झालेले आहे आणि वर्णना त्यामागून येते. विंदांच्या स्वतःच्या कवितेत जिथे विचार शब्दांबरोबरच जन्मतो, तिथला थरार इथे अपवादानेच मिळतो. कविता तत्त्वज्ञान सांगू शकते, यात शंकाच नाही. पण तत्त्वज्ञान सांगणे आणि तत्त्वचिंतन करणे ही दोन कामे आहेत.

हाच मुद्दा ध्यानात न घेतल्यामुळे ज्ञानदेवांविषयीचा एक मोठा वाद पुष्कळ काळ चालला. ज्ञानदेव शंकराचार्यांप्रमाणे जग ही माया मानणारे मायावादी, की जग हा चैतन्याचाच विलास मानणारे चिद्विलासवादी? काही अभ्यासकांनी चिद्विलासाची बाजू मांडली आणि माझाही कल तिकडेच आहे. ‘अनुभवामृता’च्या तिसऱ्या प्रकरणात ‘ज्ञान बंधु’ या शिवसूत्रातल्या वचनाचा स्पष्ट उल्लेख आहे, तेव्हा शैव विचाराशी त्यांचा परिचय होता यात शंका नाही. पण या वादात दोन्ही पक्षांनी दृष्टान्त साक्षीदारासारखे उभे केले: दोरी आणि साप आला की मायावाद, सोने आणि दागिना आला की चिद्विलास. दृष्टान्त कोणत्या ओघात आला, त्याने काय धरले आणि कुठे सोडले, हे पाहायचे राहून गेले. आणि ज्ञानदेव स्वतः काय म्हणतात पाहा. शिवसूत्राचा आणि गीतेचा दाखला दिल्यावर लगेच ते सांगतात की शिवाने किंवा श्रीवल्लभाने (श्रीकृष्णाने) बोलले म्हणून आम्ही हे मानतो असे नाही. त्यांनी बोलले नसते तरी ते लाभलेच असते. जो माणूस शब्दप्रमाणाविषयी, म्हणजे ग्रंथवचनाच्या अधिकाराविषयी, इतके मोकळेपणाने बोलतो त्याला एखाद्या वादाचा अनुयायी ठरवण्याची घाई आपण का करावी?

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे वळतो, वाचावे कसे. शाळेत आपल्याला कवितेची मध्यवर्ती कल्पना लिहायला लावतात, आणि तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी ती सवय मोठेपणी सिद्धान्त शोधण्यासाठी वापरतो. ती सोडणे कठीण आहे, म्हणून तिला पुढची पायरी जोडा. सिद्धान्त खुशाल लिहून काढा, पण मग तो ओवीशेजारी ठेवून ओवीत काय उरले ते पाहा. उरलेलेच वाचायचे असते. याखेरीज ओवी कुठे आली आहे ते पाहिल्यावाचून तिचा अर्थ लावू नका. ‘वाचे बरवें कवित्व । कवित्वीं बरवें रसिकत्व । रसिकत्वीं परतत्त्व । स्पर्शु जैसा’ ही ओवी कविता आणि तत्त्वज्ञान यांच्या नात्याचे घोषवाक्य म्हणून सगळीकडे उद्धृत होते, आणि तिचा तसा उपयोग करण्यात काही गैर नाही. पण ‘ज्ञानेश्वरी’च्या अठराव्या अध्यायात ती कर्माच्या पाच कारणांचे विवेचन चालू असताना एक दृष्टान्त म्हणून येते. वाणीला कवित्वाने, कवित्वाला रसिकत्वाने आणि रसिकत्वाला परतत्त्वाच्या स्पर्शाने शोभा येते, तशी बुद्धीला इंद्रियांच्या प्रौढीने आणि इंद्रियांना त्यांच्या अधिष्ठात्री देवतांच्या मेळ्याने, असा तो ओघ आहे. म्हणजे परतत्त्वाचा कवितेला होणारा स्पर्श ही ज्ञानदेवांच्या लेखी सिद्ध करायची गोष्ट नाही. दुसरे काही समजावण्यासाठी हाताशी घ्यावी इतकी ती त्यांना परिचित आहे. संदर्भ सोडून वाचले की घोषवाक्य मिळते, पण ही गंमत मात्र निसटते.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल, तर ‘अनुभवामृता’च्या पहिल्या प्रकरणापासून करा आणि तिथून एकदम सहाव्यावर, शब्दखंडनावर, जा, सातवे प्रकरण सर्वांत मोठे आणि सर्वांत तर्ककर्कश आहे, ते मागाहून वाचा. शब्दखंडनाची पहिली ओवी अशी आहे: ‘बाप उपेगी वस्तु शब्दु । स्मरणदानीं प्रसिद्धु । अमूर्ताचा विशदु । आरिसा नव्हे’. शब्द ही केवढी उपयोगाची वस्तू, विसरलेल्याची आठवण देण्यात प्रसिद्ध. अमूर्ताचा तो स्वच्छ आरसा नव्हे काय? पुढे काही ओव्यांत शब्दाची अशीच थोरवी गाऊन ज्ञानदेव मग त्याचा अधिकार एकेक करून काढून घेतात: आत्मा स्वयंसिद्ध आहे, त्याला शब्दाने सिद्ध करायचे काही उरत नाही, अविद्या मुळातच नाही, तिचा नाश करण्याचे कामही शब्दाला मिळत नाही. आमच्या अभ्यासमंडळात ही ओवी पहिल्यांदा वाचली तेव्हा एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी ती प्रश्नासारखी न म्हणता सरळ म्हटली, ‘आरिसा नव्हे’, म्हणजे आरसा नाही. शेजारच्यांनी लगेच त्यांचा स्वर सुधारला, आणि परंपरेने धरलेला अर्थही प्रश्नाचाच आहे. पण प्रकरण संपवून आम्ही पुन्हा पहिल्या ओवीवर आलो तेव्हा त्या बाईंचा स्वर आता चूक म्हणवेना. शंभर ओव्यांचे खंडन पहिल्या ओवीतल्या एका ‘नव्हे’मध्ये आधीच ठेवलेले होते, पहिल्या वेळी ते कौतुकाच्या स्वरात ऐकू येते, दुसऱ्या वेळी नकाराच्या. छापील पानावर दोन्ही वेळा अक्षरे तीच असतात, म्हणून हे प्रकरण मनातल्या मनात वाचू नका, मोठ्याने म्हणा, आणि शेवटपर्यंत पोचल्यावर पहिली ओवी पुन्हा एकदा म्हणा.